खिळ्यावरची पट्टी

सायकलींना तोंड होतं, त्या काळातली ही गोष्ट. कासिमचाचा गाद्या शिवायचे आणि सायकलवरून घरपोच द्यायचे. दर दसऱ्याला जुनी सायकल देऊन ते नवी आणायचे. एका वर्षी लांब कॅरिअरची फॅशन होती, पुढच्या वर्षी रुंद टोपलीची. यंदाची सायकल पुढे मोठी पेटी आणि पोटाशी बॅटरी घेऊन ऐटीत आली.

भिंतीवर खिळ्याला फाटक्या ट्यूबची रबरी पट्टी लोंबत होती.

"हे लक्तर कशाला?" सायकलीने नाक मुरडलं. "मला पेटी आहे. हिला फेका."

चाचांनी पट्टी कचऱ्यात टाकली.

पहिलीच गादी लग्नघरची होती. ती पेटीत अर्धीच मावली आणि वळणावर घरंगळून थेट म्हशीपुढे पडली. म्हैस तिच्यावर ऐसपैस बसली.

"मऊ आहे हो!" म्हैस म्हणाली.

चाचा घरी आले. त्यांनी कचऱ्यातून पट्टी काढली आणि दुसरी गादी पेटीवर करकचून बांधली.

सायकल ओशाळली. "आजी, तुम्ही कुठल्या कंपनीच्या?"

"अगं, लांब कॅरिअरची ती सायकल होती ना, तिच्या चाकातली मी ट्यूब. फाटले म्हणून इथेच राहिले," पट्टी म्हणाली. "तेव्हाही खिळ्यावर एक पट्टी होती. आल्या आल्या मीच म्हणाले होते, हिला फेका."