शेवंतीचे हात आणि टोमॅटोपरी

डोंगराच्या पायथ्याशी एक सुंदर मळा होता. लाललाल टोमॅटो, केशरी टोमॅटो आणि इवलीइवली पिवळी फुलं! शाळा सुटली की शेवंती नावाची चिमुरडी तिथं आईला टोमॅटो तोडू लागायची. मळा दुसऱ्याचा होता. मायलेकींची होती ती फक्त एक गळकी झोपडी.

टोमॅटोची पानं दिसायला गरीब, पण महाखोडकर! तोडणाऱ्याच्या हातांवर असा हिरवा-काळा चिकट थर चढवतात, की बिचारा साबणही हार मानतो. शेवंतीचे हात कायम तसेच असायचे.

नवरात्रात मळेवाल्यांच्या अंगणात रोज संध्याकाळी भोंडला असायचा. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती हातात हात धरून मुलींचा फेर आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची गंमत. पण काल शेवंतीनं हात पुढे केला, तर मळेवाल्यांच्या देवयानीनं नाक मुरडलं. "ई! तुझा हात कोण धरणार?" मग एकीनंही धरला नाही. शेवंती अंगणाबाहेर उभी राहूनच गाणी म्हणत होती. फार रडू आलं हो तिला.

आज ती मुकाट्यानं टोमॅटो तोडत होती. तेवढ्यात रोपं बांधायच्या सुतळीत काहीतरी फडफडलं. शेवंतीनं वाकून पाहिलं, तर काय! बोटाएवढी परी! लालचुटुक झगा, पिवळ्या फुलाचा मुकुट आणि सुतळीत अडकलेले चमचमणारे पंख.

"हलू नकोस हं, पंख फाटतील," शेवंती म्हणाली आणि तिनं हळूच गाठ सोडवली.

"गुणाची गं माझी बाय!" परी टुणकन पानावर बसली. "माग, काय हवं ते माग."

"माझे हात स्वच्छ होऊ देत. मला फेरात नाचायचंय."

परीनं एक पिकलेला टोमॅटो तिच्या ओंजळीत टाकला. "याच्या फोडी हातांवर चोळायच्या, मग पाण्यानं धुवायचं. ओरखड्यावर लावू नकोस, चुरचुरेल. आणि एक अट आहे, बरं का. चोळायच्या त्या दुसऱ्याच्या हातांवर. स्वतःच्या हातांसाठी एकही फोड ठेवायची नाही!"

ही कसली अट! शेवंती हिरमुसली. पण आईचेही तसेच काळे हात आठवले, तशी ती हौदापाशी बसलेल्या आईकडे धावली.

"ऱ्हाऊ दे गं पोरी, माझ्या हातांचं कुणाला काय पडलंय?" आई म्हणाली.

"मला पडलंय!" म्हणत शेवंतीनं टोमॅटोच्या फोडी केल्या आणि आईचे हात मन लावून चोळायला घेतले.

इतक्यात हुंदके देत देवयानी आली. भोंडल्याची खिरापत आज तिच्याकडं होती. कुणाला पत्ता लागू नये म्हणून ती एकटीच मळ्यात शिरली होती, आणि पानांनी तिचे दोन्ही हात काळे करून टाकले होते.

"साबणानंही निघत नाही गं! आता माझा हात कोण धरणार?"

शेवंतीच्या हातात आता एकच फोड उरली होती. ती तिनं घट्ट धरून ठेवली. काल हिनंच नाक मुरडलं होतं ना? पण देवयानीचे डोळे पाहून तिला कालचं आपलं रडू आठवलं. "आण इकडं," ती म्हणाली आणि ती फोडही देवयानीच्या हातांवर चोळून टाकली. मग हौदातलं पाणी ओतलं. देवयानीचे हात लख्ख! आईचे हात लख्ख!

"शेवंते, तुझे हात बघ की!" आई ओरडली.

शेवंतीनं पाहिलं. दुसऱ्यांचे हात चोळता चोळता तिचेही हात उजळ, गुलाबी झाले होते!

देवयानीनं कान पकडले. "चुकले गं मी. चल, आज तू माझ्याच शेजारी."

संध्याकाळी फेर असा रंगला की विचारू नका! एका बाजूला देवयानी, दुसऱ्या बाजूला दुसरी मैत्रीण, मधे शेवंती. मग आली झाकलेली खिरापत. लाडू? करंजी? चिवडा? सगळ्या मुली हरल्या.

शेवंती मात्र गालातल्या गालात हसली. देवयानीचे हात कशानं काळे झाले, ते तिला ठाऊक होतं!

"टोमॅटोच्या वड्या!" ती म्हणाली.

झाकण उघडलं. खरंच की, लालचुटुक वड्या! सगळ्या मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि पहिली वडी शेवंतीला मिळाली.

हत्तीच्या पाटावर इवलीशी परी गिरकी घेताना तिला दिसली. परीनं हात हलवला, अंगणभर लाल-सोनेरी उजेड पसरला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली. फेरातल्या मुलींनी मात्र शेवंतीचे हात काही सोडले नाहीत.