डोलकाठीभोवतीची फट

त्या राज्याला जमीन नव्हती. सगळी माणसं एकाच गलबतावर जन्मत, तिथेच मरत, आणि मेलेल्यांना पाण्यात सोडलं जाई. गलबताची एकुलती डोलकाठी वरच्या फळ्यांमधल्या गोल भोकातून खाली उतरून तळावर टेकली होती. भोकात तिच्याभोवती लाकडी पाचरी ठोकलेल्या असत. वारा वाढला की डोलकाठी पाचरींवर घासून कण्हे.

गलबत हाकणाऱ्या तांडेल हसुरामचा मुलगा रघू शीड गुंडाळताना वरून समुद्रात पडला, आणि त्यानंतर ते कण्हणं बदललं. ते ‘आये’ म्हणू लागलं. रघूची आई येसू दिवसभर भोकापाशी कान लावून बसे. खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही त्यात आपापली गेलेली माणसं ऐकू येऊ लागली. काहींची अन्नावरची वासना उडाली.

हसुरामला ते सोसेना. त्याने जुन्या पाचरी काढून नव्या, जाड तासल्या आणि लाकडी मोगरीने अशा ठोकल्या की डोलकाठी मुकी झाली.

“आता सगळ्यांना झोप लागेल,” तो म्हणाला.

“त्याला दुसऱ्यांदा बुडवलंत तुम्ही,” येसू म्हणाली.

झोप कुणालाच लागली नाही. कुणीतरी ऐकत असल्यासारखी माणसं दबक्या आवाजात बोलू लागली. मग वारा सुटला. डोलकाठीला हलायला जागा नव्हती. तिने सगळा ताण फळ्यांवर टाकला. फळ्या तडकल्या, खालच्या अंथरुणांवर खारं पाणी ठिबकू लागलं, आणि भोकाच्या जरा वर डोलकाठीला बारीक चीर गेली.

येसूने एकामागून एक पाचरी उपटून काढल्या. आवाज परतला, पण ती आता हाक नव्हती. सुटी झालेली डोलकाठी भोकाच्या कडांवर आपटत होती आणि गलबत तळापासून हादरत होतं. येसू तिला मिठी मारून धरू पाहत होती. लाकूड तिला दूर फेकत होतं.

“हा आपला रघू नाही गं,” हसुराम ओरडला. “सोड!”

“मग तो कुठंय?”

 हसुरामने शीड उतरवायला लावलं आणि गुडघ्यांवर बसून जुन्या, पातळ पाचरी गोळा केल्या. तो पाचर धरी, येसू मोगरी मारी. “पुरे,” कधी तो म्हणे, कधी ती. ठोकलेली पाचर कितीदा तरी पुन्हा ढिली करावी लागली. शेवटी आपटणं थांबलं. कण्हणं तेवढं उरलं, हलकं.

चीर दोराने आवळली. शीड पुन्हा चढलं आणि गलबत पुढे सरकलं. खाली कुणीतरी जेवायला बसल्याचा आवाज आला.

येसूने दोन पाचरींमधल्या फटीत बोट घातलं. वाऱ्याबरोबर डोलकाठी किंचित झुकली. पाळण्यातलं मूल धरतं तसं डोलकाठीने ते बोट अलगद धरलं, आणि सोडून दिलं.