दोन्ही तुकडे

"पण बाई, जेलचा गोळा तर शाबूत आहे! मग आतले तुकडे मेले कसे?"

डॉक्टर तन्मय उपासनीने काचेची छोटी बाटली टेबलावर ठेवली. समोर हमीदाबाई काझी बसल्या होत्या. त्याच्या हातात शस्त्रक्रियेची पहिली सुरी त्यांनीच दिली होती. निवृत्तीनंतर त्या मुरुडला येऊन राहिल्या होत्या.

"कुणाचे तुकडे?"

"प्रांजल म्हात्रे. कॉलेजात असताना तिला कॅन्सर झाला. औषधांनी अंडाशय निकामी होणार, म्हणून आधीच त्याचे दोन तुकडे काढून गोठवून ठेवले होते. बरी झाली, लग्न झालं, मूल हवं होतं. ते तुकडे परत तिच्या पोटात बसवायचे होते."

"मग?"

"नुसते बसवले तर रक्त पोचेपर्यंत बरेचसे मरतात. म्हणून मी ते माझ्या जेलमध्ये घालून बसवले. समुद्री शेवाळापासून बनवलंय. पाळी काही परत आली नाही. शेवटी पोट उघडून काढलं... पण बघा, कुठे झिजलंसुद्धा नाही."

आवाजात अजून अभिमान होता.

बाईंनी बाटली उघडली. जेलचा गोळा बशीत घेतला. शिवणाच्या डब्यातली सुई काढली आणि गोळ्यात टोचली.

सुई वाकली.

"सुई जात नाही..." बाई म्हणाल्या. "रक्त कुठून जाणार?"

तन्मयने गोळा बोटाने दाबून पाहिला.

"इतकं घट्ट का केलंस?"

"पातळ विरघळून जाईल, अशी भीती होती."

"बरोबरचे काय म्हणत होते?"

"...नको म्हणत होते."

बाईंनी सुई बाजूला ठेवली.

"दुसरा तुकडा राखून ठेवलायस ना?"

तन्मयने नजर बशीकडे वळवली.

"तन्मय?"

"दोन्ही बसवले."

"का?"

"खात्री होती, बाई."

बाईंनी गोळा बाटलीत टाकला आणि झाकण लावलं.

"म्हणजे आता तिचं काहीच उरलं नाही."

"नाही."

"तिला काय सांगितलंस?"

"...शरीराने स्वीकारलं नाही, असं."

"कुणाच्या शरीराने?"

"तिच्या."

बाईंनी टेबलावरचा त्याचाच फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"आत्ता?" तन्मयने विचारलं.

बाईंनी ओटीकडे बोट दाखवलं.

तो ओटीवर गेला. त्याने फोन लावला आणि सगळं सांगितलं. जेल घट्ट झालं, ते मीच केलं होतं, तुमच्या शरीराचा दोष नव्हता, दोन्ही तुकडे गेले. मग प्रांजल बोलू लागली. तो ऐकत राहिला.

आत येऊन खुर्चीत बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाली?"

"'म्हणजे माझ्या अंगात खोट नव्हती?' पुन्हा पुन्हा हेच विचारत होती."

"आणि?"

"नवऱ्याने तिला माहेरी नेऊन सोडलंय. सासू म्हणते, हिच्या पोटात हिचं स्वतःचंसुद्धा रुजत नाही... बाई, ते माझंच वाक्य आहे. मी तिला जे सांगितलं, तेच त्यांच्या घरात फिरतंय."

"पुढे?"

"म्हणाली, 'डॉक्टर, माझं कुणी ऐकायचं नाही. तुम्ही माझ्या सासरी येऊन हे सगळ्यांसमोर सांगाल?'"

"तू काय म्हणालास?"

"बघतो म्हटलं."

बाई उठल्या. त्यांनी दार सताड उघडलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

तन्मय खुर्चीतून हलला नाही.

"बाई... आता कोणत्या तोंडाने जाऊ तिथे?"

"याच."