बिर्याणीशेजारचं वांगं

आमच्या सेंगत्तूरची बिर्याणी आता तुमच्यापुढे आहे. तांदूळ जिऱ्याएवढा बारीक, केशराचा पत्ता नाही, रंग सगळा लाल मिरचीचा. पण पाहुणे विचारतात ते एकच: मटणाच्या बिर्याणीशेजारी हे वांग्याचं कालवण कशाला?

त्याचं असं सांगतात. पाळेगारांच्या काळी इथे खादर बाशा नावाचा आचारी होता. त्याची लेक तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा तो नवस बोलला की पोर चालू लागली तर चाळीस दिवस रोजे धरीन. पोर चालू लागली, रोजे सुरू झाले, आणि नेमकं त्यातच पाळेगाराच्या घरी लग्न निघालं. पंगत दुपारची आणि बिर्याणीची देग खादरची. पाळेगार मोठा तिरसट. आधीच्या आचाऱ्याला त्याने मिठावरून गावाबाहेर काढलं होतं म्हणे.

नुसतं जिभेला लावून थुंकलं तर रोजा मोडत नाही, असं लोकांनी परोपरीने समजावलं. खादर ऐकेना. नवसात खोट राहिली आणि पोर पुन्हा आडवी झाली तर? त्याच्याऐवजी चाखायला दुसरं कोणी धजेना. चुकलं तर गाव सोडायचं कोणी?

शेजारी अलमेलू नावाची भाजीवाली राहायची. ती म्हणाली, "भाई, मी चाखते."

"अक्का, तुम्ही तर मांसाला शिवत नाही."

"मांस पडायच्या आधी मसाला काढून द्या की. वांगी माझ्याकडे आहेत."

मीठ घालून परतलेला मसाला तिने मडक्यात घेतला, त्यात वांगी शिजवली आणि चाखली. "वांग्याला बरोबर आहे. म्हणजे तांदूळ पडल्यावर अळणी होणार. अजून दीड मूठ टाका."

खादरने टाकलं.

पंगतीत पाळेगाराने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. खादरचा जीव भांड्यात पडला, आणि संध्याकाळी त्याने रोजा सोडला तो बिर्याणीने नव्हे, अलमेलूच्या वांग्याने.

आजही सेंगत्तुरात देगेत मांस पडायच्या आधी वांगं शिजतं, आणि ते चाखायला मांस न खाणारंच माणूस लागतं. अलमेलूच्या घरातलं आता कोणी उरलं नाही. एकतीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. वांग्यावरून मीठ मी अचूक सांगतो. बिर्याणी कशी लागते, ते मात्र तुम्ही जरा नीट सांगा. सगळे नुसतं 'छान' म्हणतात.