गालांवरची लाली

वैजयंताला ल्युपस होता. अंगाची राखण करणारी ताकदच अंगावर उलटलेली. जरा ऊन लागलं की गाल लालबुंद, मग ताप आणि सुजलेले सांधे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ती उन्हातल्या रांगेत तासभर उभी राहिली, तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरांसमोर पोहोचली.

डॉक्टरांनी तिची फाईल न उघडताच बाजूला सारली. “गालांवर काय लाली आहे! कसलं अपंगत्व? आमच्या मिसेसना मेकअप करूनही अशी येत नाही.”

“मग घेऊन जा ना, साहेब,” वैजयंता म्हणाली. “फक्त ताप आणि सांधेदुखीही सोबत न्यावी लागेल. बदल्यात वहिनींचं थोडं ऊन मला द्या. न्हाऊन अंगणात केस वाळवले, त्याला कैक वर्षं झाली.”

डॉक्टरांनी फाईल पुढे ओढून उघडली.

दाखला घेऊन वैजयंता दारापाशी आली. पायरीवरचं ऊन तिने डोळे भरून पाहिलं आणि छत्री उघडली.