जांभळ्या डोक्याची कुंची

गोजराला भाऊ झाला तो ऐन थंडीत, आणि तोही घाई करून, वेळेच्या आधीच. इतका इवलासा, की आईच्या दोन तळहातांवर आख्खाच्या आख्खा मावायचा! त्याच्या पायाची बोटं म्हणजे जणू जोंधळ्याचे दाणे. गोजराला तो बघताक्षणीच आवडला. पण तिनं त्याच्या पायांना हात लावला आणि ते घाईघाईनं चोळायला घेतले. ते पाय गारेगार होते. चुलीजवळ नेला तरी गार, आईच्या कुशीत घेतला तरी गार. बिचाऱ्याच्या अंगात दूध प्यायचंही बळ नव्हतं.

गोजराचं घर डोंगराच्या उतारावर होतं. चार दगडी भिंती आणि वर गवताचं छप्पर, झालं घर. तिचे वडील, म्हणजे आबा, मेंढरं घेऊन दूर कोकणात चरायला गेले होते, दर थंडीत जातात तसे. मेंढरांची कातरलेली लोकर घोंगड्यांसाठी केव्हाच देऊन झाली होती. म्हणजे बघा, मेंढपाळाचं घर, आणि घरात मूठभर लोकर नाही! एक घोंगडं होतं, ते आईच्या आणि बाळाच्या अंगावर. एक जांभळा स्वेटर होता, तो गोजराच्या अंगात. आईनं तो दोन वर्षांपूर्वी विणला होता, आणि आता त्याच्या बाह्या गोजराच्या कोपरांपर्यंतच यायच्या.

सकाळी येसूमावशी सुईण आली. तिनं बाळाचे कान चाचपले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"भागे, पोराला ऊब पायजे," ती आईला म्हणाली. "डोकं आन कान झाकल्याबिगर ऊब टिकायची न्हाई. मऊ लोकरीची कुंची घाल त्याला. आज सांजच्याला खिंडीतनं गार वारं सुटंल. त्याच्या आत झालं पायजे बघ."

कुंची ठाऊक आहे ना? डोक्यावर टोपी आणि पाठीवर झूल, दोन्ही एकातच. बाळानं कितीही मान वळवली तरी कान उघडे पडत नाहीत.

आईनं उठायचा प्रयत्न केला, पण तिला घेरी आली.

"आये, तू पड. मी इणते!" गोजरा म्हणाली.

"तू? अगं, पर लोकर कुठाय?"

"आणते की!"

आणि गोजरा सुटलीच! विणायला तिला येत होतं, आईनंच शिकवलं होतं. सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून आबांनी तिला दोन छान सुया करून दिल्या होत्या. सुलटा टाका, उलटा टाका, टाके वाढवणं, टाके कमी करणं, सगळं यायचं तिला. आणि लोकर कुठे मिळते हेही ठाऊक होतं. डोंगरावर बोरींचं रान होतं. मेंढरं त्यातून जाताना काट्यांना त्यांच्या लोकरीचे पुंजके अडकून राहायचे. गोजरा पांढरे, काळे, तपकिरी पुंजके वेचत गेली. बोटांना काटे टोचले, नाकाचा शेंडा लाल झाला, पण टोपली हळूहळू भरत आली.

एवढ्यात एका बोरीतून आवाज आला.

"ओढू नकोस! ओढू नकोस गं बाई!"

गोजरानं हात मागे घेतला. तिनं जो पुंजका धरला होता, तो पुंजका नव्हताच मुळी. तो होता एका शालीचा पदर! गुलाबी, निळी, मोरपिशी, क्षणात सोनेरी, क्षणात रुपेरी अशी लकाकणारी शाल. आणि त्या शालीत गुरफटलेली, काट्याला उलटी लटकलेली, चिमणीएवढी एक परी! तिचे केस पिंजलेल्या लोकरीसारखे भुरभुरीत होते आणि गाल रागानं लालेलाल झाले होते.

"मी पिंजूपरी," ती उलटी लटकूनच म्हणाली. "माझी शाल काट्यात अडकली. मी ओढली. एक टाका सुटला. मग आणखी ओढली. मग सुटतच गेले, सुटतच गेले! शाल पूर्ण उसवली ना, की मला उडता येणार नाही. मग मी बसेन इथे बोरं खात!"

"थांबा, हलू नका जरा," गोजरा म्हणाली. तिनं पाहिलं, तर सुटलेला टाका शालीत खालपर्यंत घसरत गेला होता आणि तिथे शिडीसारखी उभी भोकं पडली होती. एक नाही, अशा कितीतरी शिड्या! घाई करून चालणार नव्हतं. पण घरी बाळ गारठलं होतं, आणि ऊन तर पुढेपुढेच सरकत होतं.

गोजरानं एकदा घराच्या दिशेनं पाहिलं. मग तिनं परीकडे पाहिलं. परीच्या पंखांचा रंग फिका पडत चालला होता.

ती पटकन खाली बसली. तिनं बोरीचा एक वाकडा काटा तोडला, त्यात सुटलेला टाका पकडला आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढून घेत टाका वर वर चढवत नेला. एक शिडी भरली. दुसरी भरली. ती कामात अशी गढली, की वाऱ्याची झुळूक आली, टोपली कलंडली आणि वेचलेले सगळे पुंजके भुर्रकन उडून गेले, ते तिला कळलंदेखील नाही.

शेवटचा टाका जाग्यावर बसला आणि शाल लखकन चमकली! पिंजूपरीनं हवेत तीन गिरक्या घेतल्या. पंख सरसर हिरवेनिळे झाले.

"झाली! झाली! माझी शाल झाली!" ती ओरडली. आणि मग तिचं लक्ष रिकाम्या टोपलीकडे गेलं. "अगंबाई! तुझी लोकर?"

गोजराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं बाळाचं सगळं सांगितलं. "तुम्हीच जादूनं एक कुंची करून द्या ना," ती म्हणाली.

पिंजूपरी चक्क लाजली. "मला विणता येत नाही गं. ही शाल माझ्या पणजीनं विणलीय. मला फक्त इच्छेची लोकर करता येते."

तिनं शाल झटकली. तिच्यातून झगमगता भुगा उडाला, हवेत गरगर फिरला आणि त्याचा झाला लोकरीचा एक गुबगुबीत गुंडा! सकाळच्या आभाळाच्या रंगाचा, लोण्याहून मऊ. गोजरानं तो गालाला लावला आणि ती हसायलाच लागली.

"नीट ऐक हं," परी म्हणाली. "ही लोकर कापायची नाही आणि हिला गाठ मारायची नाही. ज्याच्यासाठी विणशील त्याचाच विचार मनात ठेवायचा. दुसरा विचार शिरला, तर तेवढ्या ओळी उसवाव्या लागतील, आणि उसवलेली लोकर वाफ होऊन उडून जाईल. विणता विणता इच्छा बोल. शेवटचा टाका पडला, की इच्छा खरी होईल!"

गोजरा धावत घरी आली. काय सांगू तिच्या सुया कशा नाचायला लागल्या! टिक टिक, टिक टिक! "माझ्या बाळाला ऊब मिळू दे," असं पुटपुटत तिनं टाके घातले. आधी खालची झूल. एका ओळीत गुलाबी रंग यायचा, पुढच्या ओळीत पिवळा, मग आभाळी, आणि मध्येच चांदण्यांचे ठिपके लुकलुकायचे. आई अंथरुणातून डोळे विस्फारून बघत राहिली.

"गोजरे, ही कसली गं लोकर? आन कसली देखणी इणलीस!"

झालं! गोजराला हुरूप आला. देखणी विणली? मग बारशाला सगळ्या बायका काय म्हणतील! म्हणतील, ही गोजराची कला हो. आणि या लोकरीची आपल्याला एक टोपी झाली तर? वर लाल गोंडा, दोन्ही कानांवर दोन पिवळे गोंडे! आपण मान हलवली की गोंडे असे डुलतील... टिक टिक, टिक टिक. तिनं कितीतरी ओळी तशाच विणल्या. त्या ओळी काचेसारख्या झगझगत होत्या, सगळ्यांत सुंदर त्याच होत्या.

मग तिनं सहज त्यांच्यावरून हात फिरवला आणि हात झटकन मागे घेतला. ओळी बर्फासारख्या गार!

गोजरा रडवेली झाली. आता? उसवावं तर लोकर उडून जाणार. न उसवावं तर कुणालाही कळणार नाही. दिसायला तर किती छान दिसतंय! पण बाळाची मान नेमकी तिथेच टेकणार होती. त्याच्या मानेला तो गारठा लागणार होता, आणि बाळाला तर सांगताही येत नाही.

"माझंच चुकलं," ती मोठ्यानं म्हणाली, सुई बाहेर काढली आणि धागा ओढला. सर्रर्र! झगझगीत ओळी उसवल्या, त्यांची रंगीत वाफ झाली आणि छपरातून निघून गेली. गोजरानं टाके पुन्हा सुईवर घेतले. या वेळी मनात फक्त बाळ. त्याची जोंधळ्यासारखी बोटं, त्याचे गार कान. ती भराभर विणत गेली, मानेपर्यंत आली, आणि लोकर संपली.

झूल झाली होती. टोपी राहिली होती. खिंडीत वारा घुमायला लागला होता.

गोजरानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग स्वतःकडे पाहिलं. दुसऱ्याच क्षणी तिनं जांभळा स्वेटर डोक्यातून काढलासुद्धा!

"अगं ए, काय करतीस? तुला हुडहुडी भरंल!" आई ओरडली.

"मी चुलीपाशी बसते. बाळाला न्हाई बसता येत."

तिनं गळ्याजवळचं टोक शोधलं आणि स्वेटर उसवायला घेतला. कुरळी कुरळी लोकर मांडीवर जमा झाली, दोन वर्षं धुवून धुवून मऊशार झालेली. पण जोडायची कशी? गाठ मारायची नव्हती. परीनं सांगितलं नसतं तरी गोजरानं ती मारली नसती, बाळाच्या कपड्यात गाठ टोचते. तिनं परीच्या लोकरीचं टोक आणि जांभळ्या लोकरीचं टोक शेजारीशेजारी धरलं आणि काही टाके दुहेरी धाग्यानं विणले. जोड कुठे आहे ते बोटालाही कळेना!

टिक टिक, टिक टिक! गोजरा कुडकुडत होती, दात वाजत होते, पण सुया थांबत नव्हत्या. कान झाकले. माथा आला. टाके कमी झाले, आणखी कमी झाले, आणि पडला शेवटचा टाका!

दारावर वाऱ्याचा पहिला धक्का बसला तेव्हा आई बाळाच्या हनुवटीखाली कुंचीचा बंद बांधत होती. झूल सकाळच्या आभाळाची आणि डोकं जांभळं, वांग्यासारखं! आई आणि गोजरा श्वास रोखून बघत राहिल्या. आधी बाळाचं कपाळ ऊबदार झालं. मग गालांवर गुलाबी रंग चढला. मग गोजरानं भीतभीत त्याचे पाय धरले.

"आये! गरम हाईत! पाय गरम हाईत!"

बाळानं मान वळवली, तोंड उघडलं आणि चुटूचुटू दूध प्यायला लागलं. आईला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. गोजरा तर घरभर नाचत सुटली.

तेवढ्यात छपरातून एक किरण आत घुसला आणि त्यावरून घसरगुंडी करत पिंजूपरी खाली आली.

"काय गं गोजरा, माझी इच्छा वापरलीच नाहीस!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"वापरली की! बाळाला ऊब आली ना."

"इच्छा शेवटच्या टाक्याला खरी होते. आणि शेवटचा टाका कुठल्या लोकरीचा होता? तुझ्या जांभळ्या! ही ऊब माझी नाही गं राणी, ही तुझीच आहे. माझी इच्छा बघ, झुलीच्या काठाला अजून तशीच लुकलुकतेय. ती राहिली ना शिल्लक! माग आता. पण अट अशी, की या वेळी फक्त स्वतःसाठी मागायचं."

गोजरानं आईकडे पाहिलं. आईनं डोळे पुसत मान डोलावली. मग गोजरानं काय मागितलं असेल? तिनं अगदी खरंखरं सांगून टाकलं.

"मला लाल गोंड्याची टोपी पायजे. कानांवर पिवळे गोंडे. आन एक स्वेटर, लांब बाह्यांचा!"

पिंजूपरी खदखदा हसली. "मला विणता येत नाही, विसरलीस? लोकर तेवढी घे. ही कधी संपायची नाही, उसवलीस तरी उडून जायची नाही. आणि विणताना स्वतःचा विचार कर बरं का. मनसोक्त कर!"

ती गिरकी घ्यायला लागली. गरगर, गरगर! तिच्यातून उजेडाचा धागा निघाला, लाल, पिवळा, पोपटी, जांभळा. घर लख्ख उजळलं, चुलीमागचा कोपरासुद्धा! धागा गुंडाळत गेला, परी अंधुक होत होत छपरातून निघून गेली, आणि बघता बघता उजेड विझला. गोजराच्या ओंजळीत उरला एक गरमगरम, रंगीबेरंगी गुंडा.

गोजरा चुलीपाशी मांडी घालून बसली आणि तिनं टाके घातले. पहिल्या ओळीला तिनं लाल गोंड्याचा विचार केला. दुसऱ्या ओळीला पिवळ्या गोंड्यांचा. मग आपण किती छान दिसू याचा, मग पुन्हा लाल गोंड्याचा. आणि काय सांगू, एकही ओळ गार पडली नाही.