वळणावरची जागा

फार वर्षांमागे एका मोठ्या नदीच्या काठी एक गाव होतं आणि समोरच्या काठावर दुसरं. दोन्ही गावांचं पाणी एक, बाजार एक, सोयरिकीही आपसातल्याच. पण वर्षातून एक दिवस दोन्ही गावं एकमेकांना हरवायला टपलेली असत. तो दिवस म्हणजे दसऱ्यानंतरची पोहण्याची शर्यत. तोवर पाऊस सरलेला असे, गढूळ पाणी निवळलेलं असे, पण नदी अजून दोन्ही काठ भरून वाहत असे. अलीकडच्या घाटावरून उडी घ्यायची, पलीकडच्या उंबराला हात लावायचा आणि परत घाटावर यायचं. जो पहिला येईल त्याच्या मनगटात चांदीचं कडं. अट एकच, वय अठराच्या आत हवं.

अलीकडच्या गावात एक आजोबा राहत. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. आबांना पोहण्याचं भारी वेड. लांबून पाण्यावर नुसता हात दिसला तरी हे कुणाचं पोर ते सांगत. उन्हाळाभर ते गावच्या मुलांना विहिरीवर शिकवत. पाठीला मोठा सुका भोपळा बांधून लेकराला पाण्यात सोडायचं, मग चार-चार दिवसांनी त्याला कळू न देता भोपळा लहान करत जायचं. असं करता करता अर्धं गाव त्यांनी तरंगतं केलं. कुणाच्या आईने ताकाचा तांब्या पाठवला तर तेवढा पीत, बाकी काही घेत नसत.

आणि एवढं वेड असलेला हा माणूस शर्यतीच्या दिवशी घाटावर मात्र कधीच नसे.

घाटाच्या खाली, हाकेच्या अंतरावर, नदी एकदम वळते. वळणावर खडक आहेत आणि खडकांखाली खोल डोह. मध्यावर जो दमला, त्याला धार तिकडेच ओढून नेते. आबा सकाळीच फडक्यात भाकरी बांधून तिथे जात. बरोबर काथ्याचा लांब दोर आणि सुके भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड. शेवटचं पोर घाटाला लागल्याची हाक ऐकू येईपर्यंत ते खडकावरून उठत नसत. एखाद्या वर्षी कुणी वाहत येई, त्याला ते ओढून घेत. चार-चार वर्षं कुणीच येत नसे. तरी ते बसत. तिथून मधली नदी दिसे, पण घाट दिसत नसे. त्यामुळे चाळीसेक वर्षांत कोण कसं जिंकलं ते आबांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ते अंगणात बसत आणि नातवंडांना म्हणत, "हं, आता मला शर्यत दाखवा." मग सगळी नातवंडं अंगणात पालथी पडून हात मारत. एकजण उंबर होई, एकजण शर्यत सुरू करणारा नगारा होई. आबा मध्येच थांबवून विचारत, "परत फिरताना पुढे कोण होतं? श्वास कुठल्या बाजूला घेत होता?" उत्तर पटलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून पोहायला लावत. आजी भाकऱ्या थापता थापता हसत असे.

या नातवंडांत थोरली होती यमू. तिच्यासारखं पोहणारं त्या वर्षी दोन्ही गावांत दुसरं एकच होतं, पलीकडच्या नावाड्याचा मुलगा केरबा. यमूला सतरावं सरत आलं होतं, म्हणजे तिची ही शेवटची शर्यत. आबा उन्हाळ्यात तिला म्हणाले होते, "यंदा कडं मला तुझ्याच हातात दिसतंय."

पण पावसाळ्यात आबा आजारी पडले, आणि श्रावण सरता सरता गेले.

सगळं गाव हळहळलं. पंचांनी ठरवलं, यंदाची शर्यत आबांच्या नावाने करायची. कामं वाटली गेली. कुणी घाटावर आंब्याच्या पानांची कमान बांधली. भजनवाल्यांनी आबांवर पद रचलं. नावाडी नावा सजवायला लागले. आबांचं पागोटं चौरंगावर ठेवून त्याला झेंडूचा हार घालायचं ठरलं, आणि जिंकणाऱ्याला कडं घालण्याचा मान आबांच्या मुलाला, म्हणजे यमूच्या वडिलांना मिळाला. यमूने मनाशी पक्कं केलं, आबांच्या नावाचं कडं आबांच्याच घरात यायला हवं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी यमू गोठ्यात गेली, तेव्हा तिला खुंटीवरचा दोर दिसला. ती तशीच घरात आली.

"बाबा, आज वळणावर कोण बसणार?"

वडील नवं पागोटं बांधत होते. म्हणाले, "बसेल कुणीतरी. पंचांनी बघितलं असेल."

यमू घाटावर गेली. पंच कमानीखाली उभे होते. त्यांनी डोक्याला हात लावला. "अगं हो, ते राहिलंच. पण चार वर्षांत तिकडे कुणी वाहून गेलंय का? तरी बघतो, पाठवतो कुणाला तरी." तिने नावाड्यांना विचारलं, ते पताका बांधत होते. भजनवाल्यांना विचारलं, ते टाळ जुळवत होते. प्रत्येकाच्या हाताला काम होतं आणि प्रत्येकाचं काम आबांसाठीच चाललं होतं. जो तो म्हणाला, जाईल कुणीतरी.

ती घरी परत आली. आजी ओसरीवर एकटीच बसली होती.

"आजी, आबा कधीच शर्यत बघायला घाटावर का गेले नाहीत?"

आजीने तिला जवळ बोलावलं. मग म्हणाली, "तुझ्याएवढे असताना त्यांनी कडं जिंकलं होतं. गावाने त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं. त्यांचा एक जिवाभावाचा मित्र होता, तोही शर्यतीत होता. नाचता नाचता यांनी इकडेतिकडे पाहिलं, तर तो कुठे दिसेना. सगळे वळणाकडे धावले. डोहात सापडला, पण उशीर झाला होता. यांनी ते कडं पुन्हा हातात घातलं नाही."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू पाण्याला भ्यावंस, असं त्यांना नको होतं. म्हणून बोलले नाहीत."

यमू आजीशेजारी बसली. "मग मी काय करू?"

"ते मी नाही सांगणार, बाई. तू जिंकलीस तर मला आनंदच होईल. त्यांनाही झाला असता, खोटं कशाला बोलू?"

यमू उठली. तिने खुंटीवरचा दोर आणि सांगड उचलली. घाटावर कुणीतरी भेटेल, त्याच्या हाती देऊ, असं मनाशी म्हणत ती निघाली.

घाटावर आता माणूस मावत नव्हता. पलीकडच्या गावाची माणसंही नावांतून आली होती. पंचवीस मुलंमुली पायरीवर ओळीने उभी राहिली. काष्टा घट्ट बांधून यमूही ओळीत शिरली. दोर तिने पायाशी ठेवला. तिच्या एका बाजूला केरबा, दुसऱ्या बाजूला कुंभाराची सगू. सगू तेरा वर्षांची, पहिल्यांदाच उतरत होती. आबांनी शिकवलेली ती शेवटची मुलगी.

सगू हळूच म्हणाली, "यमूताई, वळणावर आबांच्या जागी आहे ना गं कुणी? आई म्हणाली, कुणी असेल तरच उतर."

यमूने घाटावर नजर फिरवली. पंच दिसले, नावाडी दिसले, टाळ घेतलेले भजनवाले दिसले. सगळे इथेच होते. चौरंगाजवळ ताटात कडं चमकत होतं.

"आहे," ती सगूला म्हणाली. "तू निर्धास्त पोह." आणि दोर उचलून ती ओळीतून बाहेर आली.

वडील पायऱ्या उतरून तिच्यामागे धावले. "यमू, कुठे निघालीस? नगारा वाजायचाय."

"वळणावर. तिथे कुणी नाही, बाबा."

"मी पाठवतो ना कुणाला. तुझं हे शेवटचं वर्ष आहे, पोरी."

"सकाळपासून सगळे पाठवतोच म्हणताहेत. तुम्ही जाता?"

वडिलांनी मागे पाहिलं. दोन्ही गावांची मोठी माणसं त्यांची वाट बघत होती. "मला कडं घालायचंय," ते अडखळत म्हणाले.

यमू वळली. काठाकाठाने चालू लागली.

ती खडकावर पोचते न पोचते तोच नगारा वाजला. पोहणारी मुलं मध्यावर दिसू लागली, तशी तिच्या खांद्यांना आपोआप ओढ लागली. आता आपण इथे असतो, आता केरबाच्या पुढे असतो, असं तिला वाटत राहिलं. डोळे भरून आले. पण डोळे भरले की नदी नीट दिसत नाही, म्हणून तिने ते पुसून टाकले.

मुलं उंबराला हात लावून परत फिरली. केरबा सगळ्यांच्या पुढे होता, पण जेमतेम दोन हात मागे आणखी एकजण होता. त्याला आणखी मागे टाकण्यासाठी केरबाने धार टाळणारा, वरच्या अंगाचा लांबचा रस्ता सोडला आणि धारेतून सरळ घुसला. दहा-वीस हात तो जोरात आला. मग त्याचा एक पाय थांबला. पायात गोळा आला होता. त्याने हात उंच केला, तोंडात पाणी गेलं, आणि धारेने त्याला उचलून वळणाकडे आणलं.

यमूने सांगड बांधलेला दोर फेकला. तो अलीकडेच पडला. तिने भराभर ओढून घेतला. खडकाच्या फटीत दोन्ही टाचा रोवल्या आणि पुन्हा सगळ्या अंगाने फेकला. या वेळी सांगड केरबाच्या छातीला लागली. त्याने मिठी मारली. धार एका बाजूला ओढत होती, यमू दुसऱ्या बाजूला. काथ्याने तिच्या तळव्यांची सालटी निघाली, पण तिने दोर सोडला नाही.

केरबा खडकावर पालथा पडून खोकत राहिला. श्वास लागल्यावर त्याने पहिलं विचारलं, "कोण आलं पहिलं?"

"मला काय माहीत? इथून घाट दिसत नाही."

केरबाचा चेहरा रडवेला झाला. "मी जिंकत होतो."

"हो. पाहिलं मी."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "चल, जाऊ घाटावर."

"थांब जरा. अजून सगळी आली नाहीत."

मग दोघं तिथेच बसून राहिले. मध्यावर शेवटी सगू दिसली, दमलेली, पण एकसारखा हात मारणारी. ती वळणाकडे बघत बघत गेली आणि घाटालगतच्या उंचवट्याआड दिसेनाशी झाली. घाटावरून शेवटची हाक आली, तेव्हा यमू उठली.

घाटावर टाळ-मृदंग घुमत होते. पलीकडच्या गावचा एक अबोल मुलगा, ज्याचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं, तो पहिला आला होता आणि त्याच्या मनगटात कडं होतं. लांबून पाण्यावरची सगळी डोकी सारखीच दिसत, त्यामुळे केरबा आला नाही हे गर्दीत कुणाला कळलंच नव्हतं. या गावाला वाटलं, तो त्या काठावर राहिला असेल. त्या गावाला वाटलं, इथेच कुठेतरी असेल. एकटी त्याची आई माणसामाणसाला हलवून विचारत फिरत होती.

यमूच्या खांद्यावर हात टाकून लंगडत येणारा केरबा त्या आईला दिसला. तिने त्याला जवळ घेतलं. मग यमूच्या हातातला दोर पाहिला, तिचे सोललेले तळवे पाहिले, आणि खाली बसून ती रडायला लागली. टाळ एकेक करत थांबले. काय झालं असेल, ते कुणाला सांगावं लागलं नाही.

वडील गर्दीतून पुढे आले. त्यांनी यमूचे हात नदीच्या पाण्याने धुतले, डोक्यावरचं नवं पागोटं सोडलं आणि त्याची पट्टी फाडून दोन्ही हातांना बांधली.

"मी जायला हवं होतं, यमू," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी जा, बाबा," यमू म्हणाली.

पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्याबरोबर केरबाही गेला, कारण आता तो अठराचा झाला होता. त्याच्या पुढच्या वर्षी पंचांनी वळणासाठी नाव विचारलं, तर दोन्ही गावांतून मिळून अकरा माणसं उभी राहिली. बसायला तेवढे खडक नव्हते, म्हणून पंचांनी पाळ्या लावून दिल्या. आपली पाळी कधी येते, याची माणसं वाट बघू लागली. आणि आयांनी मुलांना शर्यतीला मोकळ्या मनाने सोडल्यामुळे त्या वर्षी घाटाच्या पायरीवर पंचवीस नव्हे, साठ मुलं उभी होती.

तात्पर्य: गेलेल्या माणसाचं नाव जरूर घ्यावं, त्याला हारही घालावा, पण त्याची जागा रिकामी पडली असेल, तर आधी तिथे जाऊन बसावं.